मास्तरांची सून आणि पडण्याचं रजिस्टर

"वैनी, कढीपत्ता देता का चार काड्या?"

भिंतीपलीकडून असा आवाज आला की समजायचं, आक्कांकडे बातमी आहे. कढीपत्त्याचं झाड त्यांच्याच परसात आहे, चांगलं पत्र्याच्या वर गेलेलं. मी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि मागच्या कंपाउंडला गेले. आक्का धुण्याच्या दगडावर चढून उभ्या होत्या. मिरजेला सिस्टर म्हणून जन्म गेला त्यांचा, त्यातला निम्मा रात्रपाळीत. त्यामुळे आवाज न चढवता लांबवर पोचवायची कला त्यांना साधलेली आहे.

मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होते, तेवढ्यात इकडे कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या दाराला कुलूप लागलं होतं. भिशीतल्या बायकांनी फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं होतं, तेही तिखटमीठ लावून. मुलगा-सून मेलबर्नला, पैशाला तोटा नाही, आणि सून तिकडे नोकरी करते कुठं, तर म्हाताऱ्यांच्या होममध्येच! "गोऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करायला हिला वेळ आहे, सासऱ्याला मात्र आश्रमात टाकलं," हे वाक्य कॉलनीत पाठ झालं होतं.

"काल जाऊन आले मास्तरांकडं," आक्का म्हणाल्या.

"रमले का?"

"रमले? तिथल्या लोकांना घाम फोडलाय त्यांनी. पण ते नंतर. तुमच्या कानावर काय आलंय ते आधी सांगा."

"सुनेनं टाकलं, एवढंच."

"टाकलं!" आक्कांनी भिंतीवर हात आपटला. "टाकलं म्हणणाऱ्यांतली एक तरी रात्री त्यांच्या दाराशी डोकावली होती का, विचारा. काकू गेल्या, मास्तर एकटे. दिवसा स्वयंपाकाची बाई, धुण्याभांड्याची बाई. रात्री कोण नाही. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले, निभावलं. संक्रांतीच्या सुमारास परत पडले, पहाटे तीनला. कडी आतून. सहाला दूधवाला येईपर्यंत गार फरशीवर. हाक का नाही मारली, विचारलं तर म्हणतात, एवढ्या पहाटे लोकांची झोपमोड कशाला!"

"मेलबर्नला घेऊन जायचं होतं की."

"नेलं होतं. तीन महिने राहिले. म्हणाले, तिथं रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसला तर 'हाय' म्हणून पुढं सटकतो, भांडायला कोण नाही. आले परत."

हे मात्र मास्तरांना शोभेसं होतं. नळाला पाणी अर्धा तास उशिरा आलं तरी महापालिकेला पत्र जायचं त्यांचं, तेही लाल शाईनं तारीख अधोरेखित करून.

सून आमच्या आक्कांच्या हाताखालची. मिरजेला नर्सिंग शिकताना वॉर्डात ट्रेनिंगला होती. लग्न झाल्यावर तिकडे गेली, तिथल्या परीक्षा दिल्या, आता एका मोठ्या केअर होममध्ये दर्जाचं काम बघते. तीन आठवड्यांची रजा काढून आली आणि पहिला फोन आक्कांना. "सिस्टर, चला, होम बघू या."

"मग बघितली?"

"बघितली म्हणजे? पोलिसानं घर झडतीला घ्यावं तशी."

पहिलं ते हायवेलगतचं. मोठ्ठं. त्याची जाहिरात मीही बघितलेली आहे, बसस्टँडजवळच्या फलकावर हसरे आजी-आजोबा आणि मागे कारंजं. आक्का सांगत होत्या, कारंजं खरंच आहे. शिवाय आत गणपतीचं देऊळ, टीव्हीचा हॉल, वाचनालय, भिंतीवर वारकऱ्यांचं चित्र. मॅनेजर टाय लावलेला. तो देऊळ दाखवतोय, बाग दाखवतोय, आणि ही पोरगी म्हणते, "बाथरूम दाखवा."

"तर तो घेऊन गेला ऑफिसशेजारच्या पाहुण्यांच्या बाथरूमकडं! ही म्हणाली, इथं नाही, जिथं माणसं आंघोळ करतात ते. गेलो. टाइल्स कसल्या चकचकीत वैनी, कोरड्यावरसुद्धा माझी चप्पल घसरली. कमोडच्या बाजूला धरायला स्टीलचा दांडा होता, छान चमकणारा. हिनं काय करावं? दोन्ही हातांनी धरून सगळं वजन टाकलं. दांडा आला हातात! स्क्रू, प्लग, थोडं प्लास्टर, सगळं."

"अगंबाई!"

"मॅनेजर म्हणतो, मॅडम, तो फक्त आधाराला आहे."

हसून मला ठसका लागला. आक्का मात्र हसत नव्हत्या. तरणं माणूस तोल गेला तर हात टेकून सावरतं, म्हणाल्या. ऐंशीच्या माणसाचा खुबा मोडतो, आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळलेलं माणूस पुष्कळदा न्यूमोनियानं जातं. दांडा दोन विटांत बोल्टनं घट्ट पाहिजे, कमोड उंच पाहिजे, दाराची कडी बाहेरून उघडता आली पाहिजे आणि दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आत उघडणाऱ्या दाराला पडलेला माणूसच अडसर होऊन बसतो, मग दार तोडायला सुतार शोधा.

तिथून खोलीत गेल्या. पलंगाशी बेल होती. सुनेनं दाबली आणि मनगटाकडे बघत उभी राहिली. मॅनेजर हसतोय, आक्का हसतायत, कोणीच येईना. मग कळलं, बेल आधीच बंद करून ठेवलीय. शेजारच्या खोलीत तर दोरीची बेल होती, तिची दोरी गुंडाळून वर पडद्याच्या दांडीला बांधलेली. का? तर, "त्या आजी सारखी वाजवतात."

"आणि मग तिनं ते केलं," आक्का जरा थांबल्या. "एक आजोबा पडून होते. भिंतीकडं तोंड. ही त्यांच्याशी बोलली, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि बोलता बोलता 'बघू का हो पाय?' म्हणून त्यांच्या पायातला मोजा काढला. टाचेवर जखम. रुपयाएवढी, कड काळी. मोजा त्याला चिकटलेला. मी एवढी वर्षं वॉर्डात काढली, मला बघवेना."

बाहेरच्या माणसाला वाटतं, जखम पाठीवरच होते. आक्का म्हणाल्या, माकडहाड, खुबा, टाच, कोपर, जिथं जिथं हाड कातडीला टेकतं तिथं तिथं होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, ओलं राहू द्यायचं नाही. यात औषध कमी आणि हात जास्त लागतात. जखम झाली की समजायचं, कित्येक रात्री कोणी कूस बदललेली नाही.

"विचारलं तिनं, एका केअरटेकरकडं किती माणसं? म्हणे पंधरा."

इथं मी मध्ये बोलले. तिकडे तरी काय वेगळं असणार, माणसं मोजूनच ठेवणार की.

"माणसं नाही, मिनिटं मोजतात," आक्का म्हणाल्या. "ऑस्ट्रेलियात सरकारनं ठरवून दिलंय. दर रहिवाशाला दिवसाकाठी सरासरी २१५ मिनिटं कुणाचा तरी हात लागला पाहिजे, आणि त्यातली ४४ शिकलेल्या नर्सची. ऑक्टोबर २०२४ पासून. त्याआधी २०० होती. आणि चोवीस तास एक नर्स इमारतीत हजर पाहिजेच."

माया अशी मिनिटांत मोजता येते का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण संसारात हिशेबाची सवय, त्यामुळे आधी मनात मांडणी झाली. बारा तासांची पाळी म्हणजे ७२० मिनिटं. भागिले पंधरा. माणशी ४८. रात्रीची केअरटेकर रात्रभर जागी राहिली असं धरलं तर आणखी ४८. त्यात जेवण भरवणं, आंघोळ, डायपर, गोळ्या, कूस बदलणं आणि त्या पोरीनं स्वतः दोन घास खाणं. मग टाच कोण बघणार?

आणि तिकडे सगळं सोन्याचं आहे असंही नाही, हे सुनेनंच आक्कांना सांगितलं होतं. तिथल्या होममधले हाल बाहेर आले तेव्हा २०१८ मध्ये सरकारला रॉयल कमिशन बसवावं लागलं. १०,००० च्या वर लोकांनी निवेदनं दिली. २०१९ च्या मधल्या अहवालाचं नावच 'निग्लेक्ट' असं ठेवलं होतं, आबाळ. मार्च २०२१ मध्ये शेवटचा अहवाल आला तो पाच खंडांचा, १४८ शिफारशींचा. त्यातून ही मिनिटं आली, होमना तारे देणं आलं. दर तीन महिन्यांनी प्रत्येक होमनं सरकारला कळवायचं: किती जणांना जखमा झाल्या, किती जण पडले, किती जणांचं वजन नको असताना उतरलं, किती जणांना बांधून ठेवलं, कोणाला कसल्या गोळ्या चालल्यात.

"बांधून?" मी म्हटलं.

"का, इकडं बांधत नाहीत होय? त्याच हायवेवाल्याकडं एक काका खुर्चीत होते, कमरेला पंचा गुंडाळून मागं गाठ. पडू नयेत म्हणून, म्हणे. त्यांना उठायचं होतं, लघवीला जायचं होतं. बांधून ठेवलं की पाय आणखी लुळे पडतात, मग खरंच पडायला लागतात, मग गाठ आणखी घट्ट. आणि पंच्याची गाठ तरी दिसते वैनी. झोपेच्या गोळीची दिसत नाही. दुपारी चार वाजता सगळा हॉल पेंगताना दिसला की मला वास येतो."

निघताना सुनेनं मॅनेजरला विचारलं, पडण्याचं रजिस्टर दाखवा. कोण, कधी, कुठं, कसं पडलं, त्याचं. मॅनेजरनं छाती पुढं काढली. "मॅडम, आमच्याकडे कुणी पडतच नाही."

"साठ म्हातारी माणसं आणि वर्षात एक पडलं नाही? 'मग ती चालतच नसतील,' म्हणाली आणि बाहेर पडली. गाडीत बसल्यावर मला म्हणते, सिस्टर, कोरं रजिस्टर दिसलं की मी तिथं माणूस ठेवत नाही."

एवढ्यात मागच्या व्हरांड्यातून पेपराचा आवाज झाला. आमचे हे. बायकांच्या गप्पांत लक्ष नाही असं दाखवत सगळं ऐकायचं, ही त्यांची रीत. प्रांत कचेरीत अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. ज्येष्ठ नागरिकांचे पोटगीचे अर्ज प्रांतांपुढेच चालतात, ते ह्यांच्या टेबलावरून जायचे.

"२००७ चा कायदा आहे," हे पेपराआडून म्हणाले. "मुलं बघत नसली तर आईवडलांना पोटगी मागता येते, महिना १०,००० पर्यंत. घर नावावर करून घेतलं आणि सांभाळ केला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द होतं, फक्त सांभाळायची अट कागदात घालून घ्या. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी निदान १५० जणांचं एक वृद्धाश्रम सरकारनं काढावं, असंही कलम आहे."

"ते मुलांचं झालं. होमवाल्यांचं काय?" आक्कांनी विचारलं.

यावर ह्यांनी पेपर खाली घेतला, म्हणजे विषय आवडीचा निघाला. त्याच कायद्यात म्हणे राज्याला आश्रमांतल्या सेवेचा दर्जा ठरवून देता येतो, पण तो पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी घरांच्या गळ्यात कोणी नीट बांधलेला नाही. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. केअर होमना नोंदणी सक्तीची, किमान दर्जा ठरवलेला, पोटगीची १०,००० ची मर्यादा काढलेली. संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, समितीनं अहवाल दिला, आणि २०२४ ला लोकसभा विसर्जित झाली तशी विधेयकही गेलं.

"त्यात मुलांच्या व्याख्येत सून आणि जावईही घातले होते," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं ते मी विचारलं नाही.

मग नोंदणी म्हणून लोक जे फ्रेम करून लावतात ते काय असतं? तर बहुधा ट्रस्टची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांची. तिथे हिशेब तपासतात, टाच तपासत नाहीत. स्वयंपाकघराला अन्नपरवाना असतो, तो पोह्यांपुरता. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम केले, त्यात दारं किती रुंद, व्हीलचेअर कशी फिरेल, फरशी न घसरणारी, न्हाणीघरात दांडे, सगळं आहे. पण ते बिल्डरनं विकायच्या फ्लॅटला. भाड्याच्या बंगल्यात पलंग मांडून चालवलेल्या आश्रमाला ते लागू नाही. म्हणजे विकत घेणाऱ्या म्हाताऱ्याच्या दाराची रुंदी सरकारनं मोजली. पडून असलेल्याची रात्र मोजायला कोणी नाही. हे माझं मत, ह्यांचं नव्हे. हे सरकारबद्दल अजूनही जपून बोलतात.

आगीचं मात्र ह्यांनी आवर्जून सांगितलं. २००६ चा महाराष्ट्राचा अग्निसुरक्षा कायदा आहे, त्याखाली ज्या इमारतींना तो लागतो त्यांच्या मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दाखला द्यायचा असतो. तो मागा, म्हणाले, आणि तारीख वाचा. २०२३ च्या पहिल्या जानेवारीला, नवं वर्ष उजाडायच्या आत, दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या केअर होमला आग लागून दोन वृद्ध बाया गेल्या. श्रीमंत वस्ती, चांगलं नाव. म्हणजे पैसे जास्त मोजले की झालं, असंही नाही.

आक्कांना आता धीर धरवेना. "दुसऱ्या घराचं सांगू का नको?"

दुसरं घर गावातलंच, एका बाईनं स्वतःच्या बंगल्यात चालवलेलं. दहाबारा माणसं. दारात रांगोळी, आत फोडणीचा वास. बाई सगळ्यांना नावानं हाक मारणारी, कुणाला वरणात तूप लागतं, कुणाला भाकरी कुस्करून लागते, तोंडपाठ. सुनेनं वजनकाटा विचारला. हायवेवाल्याकडे तो जिममध्ये होता, प्लास्टिकच्या वेष्टणासकट. हिच्याकडे काटाच नव्हता. बाई म्हणाली, "आमच्या आजीचा ब्लाउज सैल व्हायला लागला की मला कळतं."

"पोरगी खूश झाली हो! म्हणाली, हे मी तिकडं जाऊन सांगणार."

"मग तिथंच ठेवायचं की."

"ऐका तर. गोळ्या बघितल्या. जुन्या श्रीखंडाच्या डब्यांत, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव. एकाच खोलीत दोघी शेजारी, दोघींचं नाव एकच, एकीला साखरेची गोळी, दुसरीला रक्त पातळ करायची. डब्यांवर 'मोठी' आणि 'बारकी' लिहिलेलं. आता बारकी होती ती जेवून जेवून जाड झालेली!"

आणि कवळ्या. हे सांगताना आक्का दगडावरून खाली उतरून पुन्हा चढल्या. रात्री सगळ्यांच्या कवळ्या गोळा करून एका टबात भिजत घालायच्या, सकाळी धुऊन वाटायच्या, ही तिथली पद्धत. एक आजोबा आठवडाभर जेवत नव्हते. बाईला वाटलं, मुलगा भेटायला येत नाही म्हणून रुसलेत. डॉक्टर बोलावला, सलाइनपर्यंत गोष्ट गेली. शेवटी कळलं, त्यांच्या तोंडात समोरच्या आजींची कवळी होती! आजींनी ओळखलं, कारण त्यांच्या कवळीला पुढचा एक दात चंदेरी.

"आणि आजी काय घालून बसल्या होत्या मग?"

"देव जाणे! त्या म्हणाल्या, मला ह्या जरा सैल होत्या, पण म्हटलं नव्या असतील."

आम्ही दोघी भिंतीला धरून हसलो. व्हरांड्यातला पेपरही हलत होता. पण सुनेनं तिथं नकार दिला तो कवळीमुळे नाही. रात्री साडेनऊला ती आक्कांना घेऊन परत गेली, शाल विसरली म्हणून. शाल मुद्दामच ठेवलेली. दार आतून कुलूपबंद, बाई वरच्या मजल्यावर झोपलेली, खाली सगळ्यांना मिळून एक पोरगी, जतकडची, एकोणीस-वीस वर्षांची. तीही दिवसभर राबून तिथंच रात्रीला. किल्ली बाईच्या उशाशी. खिडक्यांना गज. "इथं धूर झाला तर?" सुनेनं विचारलं. पोरगी म्हणाली, "मी बाईंना उठवंन."

"माया आहे हो त्या बाईकडं," आक्का म्हणाल्या, "पण ती रात्री झोपते."

मला त्या जतच्या पोरीचं वाईट वाटलं. या सगळ्या धंद्याचा भार अशाच पोरींच्या कमरेवर आहे. गावाकडून येतात, कोणी शिकवत नाही, ऐंशी किलोचा माणूस पलंगावरून खुर्चीत एकटीनं उचलतात आणि पंचविशीत पाठ धरते. आडवं पडलेल्याला पाणी पाजू नये, उठवून बसवावं, नाहीतर ठसका लागून ते फुप्फुसात जातं, एवढंही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. मग काही झालं की पेपरात छापून येतं, 'केअरटेकरचा निष्काळजीपणा.' मालकाचा फोटो उद्घाटनाचा असतो.

"तिसरं कुठलं?"

"तेच, जिथं आता मास्तर आहेत. जुनी संस्था, इमारत बघाल तर रंग उडालेला, बागेत नुसती कण्हेर. मला तर बाहेरूनच नको वाटलं. मॅनेजर म्हणजे एक घाबरट माणूस, शर्टाच्या खिशात चार पेनं. हिनं रजिस्टर मागितलं तर नाही म्हणाला. मग म्हणाला आहे, पण दाखवत नाही. मग म्हणाला, मॅडम, लोक गैरसमज करून घेतात."

शेवटी दाखवलं. दोनशे पानी वही, तीन चतुर्थांश भरलेली. अमुक तारीख, अमुक वाजता, संडासातून येताना तोल गेला, खरचटलं, आयोडीन लावलं, मुलीला फोन केला. पुढची. पुढची. मॅनेजरचा चेहरा चोरी पकडल्यासारखा. आणि सून तिथल्या बाकड्यावर बसून पान पान वाचतेय. मग तिनं पेन मागितलं आणि एका कागदावर नुसत्या वेळा उतरवल्या.

"बघितलं तर बहुतेक सगळी पहाटे पाच ते सहाच्या मध्ये. तिनं विचारलं, पाचला काय होतं इथं? तर रात्रीच्या मावश्या पाचला आवरायला जातात, दिवसाच्या सहाला येतात. आणि म्हाताऱ्या माणसाला पहाटे पाचला काय लागतं, ते तुम्हाला-मला सांगायला नको. नेमकं तेव्हाच कोण नाही! ही म्हणाली, पाळी अर्धा तास एकमेकींवर चढवा आणि पाचला चहा घेऊन एकीला फिरू दे. बस्स. मॅनेजर बघतच राहिला. एवढी वर्षं लिहीत होता, वाचलं कधी नव्हतं."

तिनं मावश्यांना एकच विचारलं म्हणे, किती दिवस झाले इथं? एक सहा वर्षांची, एक नऊ. हायवेवाल्याकडे सगळ्या गेल्या दिवाळीनंतर लागलेल्या होत्या. नऊ वर्षंवाली एका आजोबांची कूस बदलत होती, आणि बदलताना न विचारताच त्यांचा चष्मा उशीच्या डाव्या अंगाला ठेवला. उजवा हात त्यांचा चालत नाही.

मग करारनामा. स्टॅम्पपेपरवर छापील, त्यात सातवं कलम: रहिवाशास कोणतीही इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. व्हरांड्यातून लगेच उत्तर आलं, "असं लिहून जबाबदारी जात नसते. पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक कायदा लागतो." सुनेनं ते कलम खोडून घेतलं आणि खाली हातानं चार ओळी लिहायला लावल्या. रात्री दोन माणसं जागी. दर महिन्याला वजन. पडले तर त्याच दिवशी मेलबर्नला फोन. आणि जिन्याच्या दाराची किल्ली तिथंच, काचेच्या डबीत, खिळ्याला. डबी लागली. वजनकाटा आला. रात्रीचा दुसरा माणूस अजून आठवड्यातून चारच दिवस असतो. त्यावरून आक्का मॅनेजरशी रोज फोनवर भांडतात. सून परत गेली, पण जाताना आक्कांना 'अधूनमधून न सांगता जात जा' म्हणून बजावून गेली. आक्का ते इतक्या मनावर घेतात की मॅनेजर आता त्यांची स्कूटर गेटात दिसली की उठून उभा राहतो म्हणे.

"ते सगळं ठीक," मी म्हटलं, "पण कालची बातमी काय?"

"मास्तर पडले."

"अरे देवा! आणि एवढा वेळ..."

"काही लागलं नाही हो. चप्पल पायात घालायला वाकले आणि पलंगाच्या कडेवरून खाली बसले. मावशीनं उचललं, बीपी बघितलं, रजिस्टरात लिहिलं, मेलबर्नला फोन. सगळं रीतसर. पण मास्तर म्हणाले, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला वाचू द्या. मॅनेजरनं दिलं. मास्तरांनी लाल पेन काढलं. 'पाय घसरुन पडले' असं होतं. आधी 'घसरून'चा रू दीर्घ केला. मग 'पाय घसरून' खोडलं. मग म्हणाले, 'पडले' हे असत्य आहे, मी बसलो."

मॅनेजर म्हणाला, जमिनीला टेकलात म्हणजे पडलात, तुमच्याच सूनबाईंनी तसं सांगितलंय. मास्तर म्हणाले, सूनबाईंना बोलवा. मेलबर्नला तेव्हा रात्रीचे साडेअकरा. ती उठली, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, नोंद 'पडले' अशीच राहील. तुमचं म्हणणं खाली लिहा." तर मास्तरांनी खाली स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'वरील मजकूर वाचला. मान्य नाही,' सही, तारीख, अधोरेखित.

"आणि आता मॅनेजर रोज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडं जातो," आक्का म्हणाल्या. "मागची सगळी पानंसुद्धा तपासायला घेतलीत. पेन संपलं म्हणून मला आणायला सांगितलंय. तुमच्या ह्यांच्याकडं असेल का हो एखादं लाल, कचेरीतलं?"

व्हरांड्यात ड्रॉवर उघडल्याचा आवाज झाला.